आर्मेलचे तेरा थर

खाली खुर्च्यांवर बसून बॅले बघणाऱ्यांना नर्तकीचा तो फुललेला झगा, तुतू, म्हणजे ढग वाटतो, फेस वाटतो, आणखी काय काय वाटतं. वाटू दे. त्यांना तो शिवायचा नसतो. थिएटरच्या पाचव्या मजल्यावरच्या आमच्या शिवणशाळेत तुतू म्हणजे नेटच्या कापडाचे तेरा थर, एक चड्डी, एक चोळी, चोळीच्या पाठीवर हुकांच्या तीन रांगा आणि मान मोडून केलेलं शंभर तासांचं काम. हे काम मला आर्मेल केर्व्हेलाने शिकवलं. त्या बदल्यात मी तिच्याशी कशी वागले, ते एकदा कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आर्मेल ब्रेतान्या प्रांतातल्या समुद्रकाठच्या गावची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा, सोळाव्या वर्षी, ती पॅरिसला आली आणि आमच्या थिएटरात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायच्या कामाला लागली. बाहेर पडली ती चव्वेचाळीस वर्षांनी, शिवणशाळेची मुख्य म्हणून. लग्न केलं नाही. आम्ही सगळ्या तिला मादमोअझेल म्हणायचो. साठीला आलेल्या बाईला रोज पन्नासदा कुमारी म्हणून हाक मारली तर तिला काय वाटत असेल, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. ती मात्र आम्हा सगळ्यांना ‘पोरी’ म्हणायची. मी आजी झाले तरी ‘पोरी’च होते.

नेटच्या चुण्या घालताना तिची जीभही चालायची, आणि विषय एकच.

“आधी झगे घोट्यापर्यंत असायचे, पोरी. पाय काय करतायत ते कोणाला दिसायचं नाही. म्हणजे वाईट नाचलं तरी खपायचं. मग एक शहाणी निघाली, तिने वीतभर कापला.”

मग पोटरीपर्यंतचा पांढरा झगा आला. त्याला खळ घालून फुलवायचे. आर्मेलला हे काम शिकवलं मादाम झेलीने, आणि त्या झेलीची मावशी त्या काळात शिवायला होती. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे. झग्याची कड ज्योतीला लागली की खेळ खलास.

“मावशीच्या डोळ्यांदेखत एक पोरगी पेटली,” आर्मेल सांगायची. “मग औषधात बुडवलेलं, न पेटणारं कापड आणलं. नाचणाऱ्या पोरींनी ते अंगाला लावून घेतलं नाही.”

“का?”

“पिवळट दिसतं म्हणे. जळू, पण पिवळ्या दिसणार नाही.”

पुढे इटलीहून गिरक्या घेणाऱ्या पोरी आल्या, त्यांना गुडघा मोकळा हवा होता. झगा गुडघ्यावर चढला, मग मांडीवर, शेवटी कमरेभोवती थाळीसारखा आडवाच झाला. तो आडवा राहावा म्हणून थरांमध्ये तारेचं कडं आलं. नायलॉन आलं तशी खळीचं पातेलं माळ्यावर गेलं. याला तुतू का म्हणतात, असं एखाद्या नवीन मुलीने विचारलंच तर आर्मेल चष्म्यावरून बघायची. “स्वस्तातल्या बाकांवरून पुरुषांना नाचणारीची बसायची जागा दिसायची ना, तिला लहान मुलं जे म्हणतात ते. आता सुई चालव.”

शिवणशाळेची एक रीत होती, अजूनही आहे. चोळीच्या आत एक पट्टी शिवायची आणि जी घालणार तिचं नाव त्यावर लिहायचं. ती गेली, दुसरी आली, की खाली दुसरी पट्टी. जुन्या चोळ्यांत पाच-पाच, सहा-सहा नावं सापडतात. शिवणारीचं नाव मात्र कुठेच नाही. मी नवी होते तेव्हा हौसेने आतल्या शिवणीवर निळ्या दोऱ्याने माझी दोन अक्षरं भरली होती. आर्मेलने ती कात्रीच्या टोकाने उसवली आणि चोळी माझ्या मांडीवर टाकली. “नाचणार ती. तू काय आत बसून नाचणार आहेस?”

एकाहत्तर साली तिने एलियान कोर्ताँसाठी पांढरा तुतू शिवला. एलियान आमच्या थिएटरची मुख्य नर्तकी, आणि तिच्या कमरेचं मोजमाप एकोणीस वर्षं आर्मेलकडे होतं. एलियान उभी राहायची, आर्मेल तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरायची, आणि एलियान तिच्या डोक्यावरून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत असायची. तिला दिवस गेले ते आर्मेलला हुकांवरून कळलं, तिच्या नवऱ्याच्याही आधी. आर्मेल कोणाला बोलली नाही. गुपचूप हूक बाहेरच्या रांगेत लावले. एलियानच्या निरोपाच्या जेवणाला पाचव्या मजल्यावरून कोणालाच बोलावणं नव्हतं. आम्ही चिडलो होतो. “आपल्याला कशाला बोलावतील,” असं म्हणत आर्मेलने तुतू उलटा टांगला, थर लोंबू नयेत म्हणून, आणि ती घरी गेली.

घर म्हणजे बातिन्योल वस्तीतली सहाव्या मजल्यावरची एक खोली. रविवारी अर्धी कोंबडी भाजायची, ती बुधवारपर्यंत पुरायची. आर्मेल निवृत्त झाली तेव्हा आम्ही वर्गणी काढून तिला प्रवासाची बॅग दिली. ती कुठे जाणार होती, हे आम्ही कोणी विचारलं नाही. माझ्याकडे तिची खुर्ची आली. दर महिन्याला येत जाईन, असा मी शब्द दिला होता. आठ वर्षांत पाचदा गेले. गेले की दोन कप, लोण्याची बिस्किटं, आणि एकेकीचं नाव घेऊन चौकशी. निघताना ती जिन्याच्या कठड्याशी उभी राहायची, मी तळाला पोचेपर्यंत. तिच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग पडत चालला होता. माणूस दिसायचं, चेहरा नाही. कागद दिसायचा, अक्षर नाही. पांढऱ्या नेटवर जन्मभर पांढरा दोरा चालवल्याने असं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला अजून ते पटलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली एका संग्रहालयाने तुतूच्या दीड-दोनशे वर्षांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि आमच्याकडे एक तुतू मागितला. मी एलियानचा पांढरा दिला. सोबत एक फॉर्म होता. घालणारीचं नाव: एलियान कोर्ताँ. शिवणारीचं नाव: थिएटरची शिवणशाळा. हात इतक्या वर्षांच्या सवयीने लिहून गेला. पाठवून दिल्यावर मी आर्मेलला फोन केला.

“मादमोअझेल, तुमचा पांढरा तुतू काचेच्या पेटीत बसतोय.”

ती म्हणाली, “नाव कोणाचं लिहिणार आहेत?”

असलं काही तिने जन्मात विचारलं नव्हतं. माझे निळे टाके उसवणारी बाई ती. मी गडबडले आणि म्हणाले, “एलियानचं. आणि तुमचं.”

“माझं? छापून?”

“छापून.”

उद्या संग्रहालयाला फोन करू, असं मी मनाशी म्हटलं. उद्या चोवीस जणींची रंगीत तालीम होती. परवा दोघींच्या चोळ्या उसवल्या. दहा दिवसांनी फोन केला तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, कार्डं छापून झाली, बाई. मी आर्मेलला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी वेळ मारून नेली.

प्रदर्शनाच्या दिवशी तिला न्यायला गेले तर जिन्यातच मादाम पिंतो भेटली. ही त्या इमारतीची राखण करणारी पोर्तुगीज बाई. नवा कोट घालून उभी होती.

“मलापण यायला सांगितलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “पंधरा दिवस झाले हो, नुसती येरझारा घालतेय. पाववाल्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं. मला म्हणाली, पिंतो, चल, माझं नाव छापलंय. वीस वर्षांत मला कुठे चल म्हणाली नव्हती.”

आर्मेल केस सेट करून आली होती. मला परत फिरावंसं वाटलं.

संग्रहालयात घोट्यापर्यंतचे झगे होते, मग पोटरीपर्यंतचे, मग गुडघ्यावरचे. आर्मेल कुठेच थांबली नाही. शेवटच्या पेटीत पांढरा तुतू होता. तिने मान तिरकी केली, कारण तिला आता फक्त डोळ्याच्या कडेने दिसायचं, आणि एकेक थर खालून वर बघितला. “सातवा बसलाय,” म्हणाली. “कोणीतरी सरळ ठेवला असणार.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वाच.”

कार्डावर दोन ओळी होत्या. एलियान कोर्ताँचं नाव आणि साल. आमच्या शिवणशाळेचं नावही त्यांनी गाळलं होतं.

मी वाचलं, “एलियान कोर्ताँ यांचा तुतू. एकोणीसशे एकाहत्तर. शिवणारी, आर्मेल केर्व्हेला.”

मादाम पिंतोने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाई मनाने चांगली. “हो तर,” ती म्हणाली. “चांगलं ठळक आहे.”

आर्मेल काचेजवळ गेली. डोकं एका बाजूला कलतं करून बराच वेळ तशीच उभी राहिली.

“तू तीन ओळी वाचल्यास, पोरी,” ती म्हणाली. “तिथे दोनच आहेत.”

तिने कोटाची बटणं लावली. बसमध्ये ती पुढच्या एकट्या सीटवर बसली. आम्ही मागे, एकमेकींकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात जाऊन तमाशा केला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी टेबलावर हात आपटला. तीन आठवड्यांनी नवं कार्ड लागलं. त्यावर आर्मेलचं नाव होतं, पहिलं नाव, आडनाव, सगळं. मी स्वतः उभं राहून चारदा वाचलं आणि तिथून तडक बातिन्योलला गेले. सहा मजले धापा टाकत चढले.

तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

“मादमोअझेल, आता खरंच लिहिलंय. चला, मी टॅक्सी थांबवलीय.”

“काय लिहिलंय?”

मी सांगितलं.

“तेव्हाही हेच वाचलं होतंस.”

“तेव्हा खोटं होतं. माझं चुकलं. आता तीन ओळी आहेत, तुम्ही मोजा.”

“मोजेन की. तीन असतीलही.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “पण तिसरीत काय आहे ते मला कोण सांगणार?”

“मी सांगेन. मादाम पिंतो सांगेल.”

“तेव्हाही तुम्ही दोघीच तर होतात,” आर्मेल म्हणाली. “तिसरं माणूस मला नाही, पोरी.”