माहेरी आलेलं पाणी

आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं, हे शेजारणीच्याही आधी माझ्या मामाला कळायचं, आणि तेही गावाबाहेर कोसभर लांब बसून! अकोटच्या अलीकडे आमचं गाव. गावाचं सांडपाणी साफ करायच्या टाक्यांवर मामा नोकरीला होता. पण त्याच्यासमोर 'सांडपाणी' म्हणायची सोय नव्हती. "सांडलं ते काय पानी? माहेरी आलेलं पानी म्हन! लेक सासरहून थकून आली, तं तिले पयले निजू द्याव. मंग जराशी हवा लागू द्याव. अन् मंगच धाडाव." पहिल्या टाकीत गाळ बसवायचा, दुसरीत हवा द्यायची, मग कर्दळीच्या वाफ्यातून पाणी बाहेर सोडायचं, हे इंजिनिअरसाहेबांनी अर्धा तास फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. मामानं ते असं उरकलं. पहिल्या टाकीपाशी कोणी मोठ्यानं बोललं, की हा ओठांवर बोट ठेवायचा, लेक निजली आहे म्हणून.

आल्यागेल्याला चहा पाजायची त्याला भारी हौस. चहाचं पाणी तो घरून डब्यात आणायचा, पण तिथला चहा प्यायची छाती कोणाची? एकदा तपासणीला आलेल्या चारही साहेबांना एकदम उपास निघाला. मी प्यायचो. खरं सांगतो, पहिला घोट डोळे मिटूनच.

प्रत्येक आळीचा नाला टाकीत वेगळ्या तोंडानं पडायचा. मामा काठी टेकून उभा राहायचा आणि बातम्या सांगायचा. फेस आला म्हणजे धुणं, तेल आलं म्हणजे तळण, पिवळं आलं म्हणजे कोणाची तरी हळद. मग पिकानं दगा दिलेली ती वर्षं आली. मामा एक दिवस म्हणाला, "पानी लय साफ येऊन राहिलं." मी म्हटलं, चला, तुझं काम वाचलं. तो उखडलाच. "बह्याड हायेस का बे? फेस नाई, तेल नाई. लोकं कढई काहून चढवून नाई राहिले?" 

टाक्यांना लागूनच रशीदचाचांचा मळा होता. थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं आणि विहीर आटलेली. सगळी भिस्त दसऱ्याच्या झेंडूवर. मामानं निवळलेलं पाणी त्यांच्या झेंडूला दिलं, आणि काय फुलं आली म्हणता! पण दसऱ्याच्या बाजारात कोणीतरी 'गटाराची फुलं' अशी आवई उठवली, आणि चाचांच्या ढिगाकडे कोणी फिरकेना. दुपारी चाचा म्हणाले, "रैने दो भाई, अपना नसीबच ऐसा." मामाचं डोकं सटकलं. झेंडूची माळ स्वतःच्या गळ्यात घालून तो ढिगाशेजारी उभा राहिला आणि समोरून जाणाऱ्या आमच्या माळकरी गुरुजींना त्यानं गाठलं. "गुरुजी, हे तुमच्याच घरचं पानी हाय! बरं, एक सांगा, तुमच्या आळीच्या नाल्यात दर रविवारी मटनाची लाल तर्री काहून येते?"

गुरुजींनी भावही न विचारता दोन किलो फुलं घेतली. मग काय, मामाची नजर आपल्याकडे वळायच्या आत जो तो पिशवी उघडून पुढे! अहो, धुतल्या तांदळाचं घर असतं कोणाचं? चारच्या आत ढीग संपला.

महिन्याभरानं मामाचा निरोप आला, "लवकर ये." टाकी फुटली की काय, म्हणून मी धावत गेलो. चाचांच्या मोहल्ल्याचा नाला पिवळा येत होता आणि वर बिर्याणीच्या तेलाचा जाड तवंग. तो तवंग काढणं हे मामाचं काम. पण झारा हातात धरून तो नुसता उभा होता, डोळे भरून आलेले. "पोरीचं लगन झालं, पाह्य," तो म्हणाला. "आजच्या दिवस राहू दे."

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. टाक्यांवर नवा माणूस आहे, भला आहे, पण त्याला पाण्यात नुसतं पाणी दिसतं. दिवाळीत चकल्यांची कढई मात्र मी अजून स्वतः घासतो. बायको म्हणते, हे कसलं खूळ! तेलकट पाणी मोरीतून जायला लागलं, की ती पाहत नाही असं बघून मी हळूच म्हणतो, "मामा, आमचं बरं चाललं आहे रे."