अक्कांचा टाक

चूक माझीच होती, हे आधी लिहून टाकतो. सासूबाईंच्या डब्यातली एक चांदीची वस्तू मी न विचारता उचलली आणि वितळवली. ती लाल कापडात गुंडाळलेली होती. मोड (जुनी, तुटकी चांदी) कुणी कापडात गुंडाळून ठेवत नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही मी ते कापड सोडून खिशात कोंबलं. म्हणून माझ्या या सुट्टीची हकीकत वाचताना मधे कुठे हिरवंगार वगैरे आलं, तर माझं चित्त तिथे फारसं नव्हतं असं समजावं.

यंदा अधिक महिना नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे आणि त्याला धोंडे (पुरण भरून तळलेले कणकेचे गोळे) खाऊ घालायचे. माझी बायको वंदना ही कुंभार पिंपळगावची. निघण्याआधी तिला फोनवर एक जाहिरात दिसली. घनसावंगीत एक बाई सुट्टीत नवशिक्यांना दोन दिवसांत चांदीचा दागिना करायला शिकवत होत्या. वंदना हसत म्हणाली, "तुम्ही जा. खिळा ठोकताना बोट ठेचता, तिथे काय होतं बघू." मी मनावर घेतलं. आयुष्य ऑफिसात गेलं, हातानं काही केलं नाही. तिच्यासाठी कानातले करायचे असं मी ठरवलं.

जालन्याला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एमआयडीसीकडे जाणाऱ्या मोटारसायकलींची रांग लागली होती, प्रत्येक हँडलला डबा लटकलेला. सळयांनी भरलेला एक टेम्पो आमच्या एसटीपुढे इतका हळू चालला होता की अंबड येईपर्यंत कंडक्टरनं त्याच्या घराण्याचा उद्धार केला. पुढे मोसंबीच्या बागा लागल्या. झाडांच्या बुडाशी टँकरचं पाणी सोडलेलं, बाकी सगळी नांगरून ठेवलेली काळी रानं. घनसावंगीहून काळीपिवळी जीपनं पिंपळगाव गाठलं.

माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मामी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत आणि माझ्याशी थेट फार बोलत नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी वंदनाला म्हणतात, "पाव्हण्याला इचार, चहा ठिवू का सरबत?" जावयाचा मान असा की त्याला कुणी काही विचारत नाही. आता वाटतं, कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरातली जुनी चांदी असेल तर आणा, असं शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. वंदनानं मधल्या खोलीतला स्टीलचा डबा दाखवला. "यात माझे लहानपणीचे वाळे आहेत, तुटलेले. घ्या." वाळे घेतले, ते फारच हलके वाटले. डब्याच्या तळाशी ती लाल चिंधी दिसली. आत बोटभर लांबीचा, काळा पडलेला चांदीचा पत्रा होता. वरची कडी तुटलेली. त्यावर कधी काही नक्षी असावी, पण सगळं झिजून गुळगुळीत झालं होतं. वंदना अंगणात होती, मामी चुलीपाशी. हाक मारली असती तर दोघींनाही ऐकू गेली असती. मी मारली नाही.

घनसावंगीच्या बाईंचं नाव अर्चनाताई. सोनाराच्या घरची सून. घराच्या पुढच्या खोलीत ऐरण, गॅसची बत्ती आणि चार पाट. शिकायला माझ्याखेरीज एकच जण होता, भागवत. हा जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो, सुट्टी काढून बायकोसाठी जोडवी करायला आला होता.

"तिकडं टनानं वितळवून राह्यलो रोज," तो मला म्हणाला, "अन् इथं चिमटीभर चांदीला हात थरथरून राह्यला. हसू नका साहेब."

"तुमची बायको हसंल," अर्चनाताई म्हणाल्या. "जोडवं बसलं न्हाई तर ती तुम्हालाच घालायला लावंल."

त्यांनी माझी चांदी हातात घेतली. वाळे बाजूला ठेवले आणि तो पत्रा उजेडात धरला.

"हे काय हाय?"

"मोडच आहे."

"घरी इचारलं ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. त्यांनी मान डोलावली आणि सगळं मुशीत (चांदी वितळवायच्या मातीच्या वाटीत) टाकायला सांगितलं. चांदी नीट वितळावी म्हणून वर टाकणखाराची चिमूट. बत्तीची निळी ज्योत मीच धरली होती. वाळे आधी वाकले, मग बसले. तो पत्रा जरा वेळ तसाच उभा राहिला, जागच्या जागी लाल झाला, आणि मग एकदम त्याचा थेंब झाला. चांदी वितळली की तिच्यावर आरशासारखी चमक फिरते. सुंदर दिसतं. मी खुशीत होतो, हेही लिहायला हवं. लोखंडी साच्यात ओतून तिची बोटाएवढी कांडी झाली. दिवसभर ती ठोकून, तापवून, पुन्हा ठोकून पत्रा केला. अंगठा भाजला, करंगळी ठेचली. कानातल्यांचा आकार उद्या कापायचा असं ठरवून पत्रा घेऊन संध्याकाळी जीपनं परतलो.

घरात शिरलो तर मधल्या खोलीत सगळं सामान काढून ठेवलेलं. मामी पलंगाखाली वाकून बघत होत्या.

"अक्का सापडंना," त्या वंदनाला सांगत होत्या. "डब्यातच ठिवल्या होत्या गं मी. माझ्याच हातानं कुठंतरी पडल्या असत्याल."

"अक्का कोण?" मी वंदनाला हळूच विचारलं.

तिनं मला अंगणात नेऊन सांगितलं. मामांचं आधी एक लग्न झालं होतं. ती बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेली. मग मामी या घरात आल्या. आल्या तेव्हा सासूनं पहिलीचा टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती) त्यांच्या गळ्यात घातला. मामी तिला अक्का म्हणतात. नवं लुगडं आधी अक्कांना दाखवायचं, मग नेसायचं. घास आधी अक्कांना, मग आपल्याला. अंगठ्यानं चोळून चोळून टाकाचं नाक-तोंड गेलं. "आईला काही ठरवायचं असलं की तिचा अंगठा तिथे जातो," वंदना म्हणाली. "कडी तुटली म्हणून काढून ठेवला होता. धोंड्याच्या आधी सोनाराकडे न्यायचा होता. तुम्ही डब्यात पाहिला नाहीत ना?"

मामींच्या पदराआड काय असतं ते जावयाला कुठून दिसणार? पण ही सबब झाली. तिनं सरळ प्रश्न विचारला होता आणि माझ्या खिशात लाल चिंधी होती.

"नाही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा होता. मला आग्रहानं वाढलं. मामी जेवल्या नाहीत. नुसता चहा घेतला. मामा चिडले, "अगं, तुकडा खा. ती काय तुला उपाशी ठिवून खूश होणार हाय का?"

"तिला दावल्याबिगर घास उतरत न्हाई मला," मामी म्हणाल्या. "तुमचं तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशी अर्चनाताईंनी कात्री दिली, तशी मी ती खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. परक्यांना सांगणं किती सोपं असतं! भागवत ऐकत राहिला. अर्चनाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. आन् मी तुम्हाला इचारलं पण होतं."

"आता?"

"चांदी तर हाय ना सगळी. बाईच्या टाकाचा ठसा आमच्या सासऱ्यांचा हाय. ह्याच पत्र्यावर उठवता येईल."

त्यांनी पितळेचा जुना ठसा काढला. तापवून मऊ केलेला पत्रा त्यावर ठेवून मीच ठोकला. उलटा केला तर एक बाई उभी, दोन्ही हात जोडलेले, नाकात नथसुद्धा. कड कापली, वर कडी जोडली. रिठ्याच्या पाण्यानं घासल्यावर तो इतका पांढरा झाला की मला घाम फुटला.

"लई नवा दिसून राह्यला," भागवत म्हणाला. "उकडलेलं अंडं फोडून त्याच्यासंगं डबीत ठिवा. संध्याकाळपर्यंत म्हातारा होतो."

"होतं का तसं?" मी विचारलं.

"होतं बराबर काळं," अर्चनाताई म्हणाल्या. "पर अंडं माझ्या घरात आणू नका."

मी स्टँडवरच्या गाड्यावर जाऊन उकडलेलं अंडं घेतलं. एक प्लास्टिकची डबी मिळवली, अंडं कुस्करलं, त्यात टाक ठेवला, झाकण लावलं आणि सासुरवाडीच्या जीपमध्ये बसलो. पुढे चौघं, मागे आम्ही एकमेकांच्या मांडीवर. ऊन असं की पत्र्याचं छप्पर तापून वास सुटला. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईनं नाकाला पदर लावला.

"कुनी आंडं आणलंय गं? धोंड्याच्या महिन्यात?"

"मागच्या सीटवरून येतोय, मावशी," कुणीतरी सांगितलं.

"कुण्या गावचं पाव्हणं?" तिनं मला न्याहाळलं.

"पुण्याचा."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. मीही हसलो. डबी मांड्यांमध्ये घट्ट दाबून धरली होती. उसाचं हिरवं रान दोन्ही बाजूंना पळत होतं आणि मी मनात हिशेब करत होतो की मामी आज दुपारी तरी जेवल्या असतील की नाही.

गावाबाहेरच्या हातपंपावर टाक धुतला. काळा झाला होता. अगदी जुना वाटावा असा. फक्त एकच गोष्ट अंड्याला जमली नव्हती. त्या बाईला चेहरा होता. डोळे, नाक, नथ, सगळं जागच्या जागी, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तो लाल चिंधीत गुंडाळला, आणि घरातले सगळे ओसरीवर बसलेले असताना डब्याच्या तळाशी सरकवून दिला.

तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट कुणालाच कळली नसती. तसंच ठरवलं होतं.

धोंड्याच्या दिवशी सकाळी मामींनी एकदा शेवटचं बघू म्हणून डबा पालथा केला. "सापडल्या!" असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. मी दारातच होतो. त्यांनी चिंधी सोडली, टाक कपाळाला लावला आणि अंगठा सवयीनं त्यावर फिरवला. अंगठा अडकला. पुन्हा फिरवला. मग त्यांनी टाक डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"वंदे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझे डोळे गेले वाटतं गं. हिचं तोंड दिसू राह्यलंय मला. नाकबी. पदर घिऊन पुसलं तरी दिसू राह्यलंय."

वंदनानं टाक हातात घेतला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि टाक आईच्या हातात परत ठेवला.

"काल जेवले न्हाई, त्यानंबी आसंल," मामी स्वतःशीच म्हणाल्या. "अन् बोटालाबी खरखर लागू राह्यली. म्हातारपण आलं, दुसरं काय." नव्या काळ्या दोऱ्यात टाक ओवून त्यांनी गळ्यात घातला आणि पुरण बघायला गेल्या.

मी बरेच प्रवास केले आहेत. परतताना दर वेळी काहीतरी विकत आणतो आणि गाव पाहिलं असं म्हणतो. या वेळी पुण्याला परतलो ते हात रिकामे घेऊन. कानातले झालेच नाहीत, ठेचलेली करंगळी तेवढी बरोबर आली. शिकलो म्हणाल तर चांदीचं एक. चांदी कितीही वेळा वितळवली तरी वजनाला जवळपास तेवढीच भरते, म्हणून वितळवणाऱ्याला वाटतं की काही गेलं नाही. जे गेलं ते चांदीचं नव्हतंच. एका बाईच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं झिजवलेलं ते कोरेपण होतं, आणि ते कुठल्याच ठशात नाही.

पण हे मला नंतर सुचलं. त्या सकाळी मी पाटावर बसलो होतो. समोर पितळी परात. मामा तांब्यानं पाणी घालणार, मामी पाय धुणार. ओसरीवर शेजारच्या बायका, आतून तळणीचा वास. मामी वाकल्या, तसा टाक पदराबाहेर आला आणि दोऱ्यावर झुलत माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकला.

मी दोन्ही पाय परातीतून ओढून घेतले. पाणी ओसरीभर उडालं.

"गरम हाय का पाणी?" मामा म्हणाले.

"नाही मामा." मी पाटावरून उठलो आणि ओल्या फरशीवर मामींसमोर गुडघ्यावर बसलो. त्यांनी घाईनं पदर पुढे ओढला. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वंदनाला मधे न घेता बोलत होतो.

"मामी, तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. या त्या अक्का नाहीत. डब्यातून अक्कांना मी नेलं, कुणाला न विचारता, आणि घनसावंगीत माझ्या हातानं वितळवलं. ते कापड सोडताना ही मोड नाही हे मला कळत होतं. तुम्ही शोधत होतात, उपाशी होतात, तेव्हा मला माहीत होतं आणि मी वंदनाशी खोटं बोललो. चांदी तीच आहे, पण तोंड मी ठोकून आणलंय, आणि तुम्हाला फसवायला तिला काळं पण मीच केलं. तुमच्या हातून काही पडलं नव्हतं, मामी. माझ्या हातून गेलं. मला माफ करा."