मास्तरांची धडधड

मास्तरांनी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पृथ्वी फिरायची थांबली. हे अर्थात मास्तरांचं म्हणणं. नुसती पृथ्वी नव्हे, तर चौकातल्या सिग्नलचे तिन्ही दिवे एकदम लागले, उडते कावळे हवेत जागच्या जागी लटकले, आणि समोरच्या पंपावरच्या माणसाने स्कूटरच्या टाकीऐवजी स्कूटरवाल्याच्या बुटात पेट्रोल भरलं. ही हकिगत दर वर्षी थोडी अंगाने भरत गेली. लेक शाळेत होती तोवर फक्त कावळे लटकत; ती कॉलेजात गेल्यावर कावळ्यांच्या जोडीला एक विमानही लटकू लागलं.

त्यातलं खरं एवढंच की बाई मोटार शिकायला आल्या होत्या. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, म्हणजे मालक, शिक्षक, कारकून आणि सकाळी गाडी पुसणारा गडी, सगळं मिळून मास्तर एकटेच. गाडीही एकटीच, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असलेली. बाई मूर्तीने लहान. त्या चाकामागे बसल्या तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला फक्त अंबाडा दिसत होता, आणि गाडी अंबाडाच चालवणार आहे असा समज होत होता.

"पाय पोचत नाहीत हो मास्तर," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी दार उघडलं, खाली वाकून सीटखालचा दांडा ओढला, सीट पुढे सरकवली आणि ते ताठ उभे राहिले. तोच त्यांच्या काळजाने अशी दौड मारली, की शर्टाचा खिसा आतून कोणी ठोठावतंय असं वाटावं. कपाळावर घाम, डोळ्यांपुढे काजवे. बाईंनी त्यांना फुटपाथवर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. काही मिनिटांनी ती दौड जशी आली तशी टक्कन थांबली. मास्तरांनी मान वर करून पाहिलं, तर समोर बाई.

आता एखाद्या शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. मास्तरांनी बाईंच्या वडिलांना गाठलं. हिच्यावर आपला जीव जडला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तशीच आणखी एका गोष्टीबद्दलही नव्हती: ही बाई चाकामागे बसली तर आपण काही जगत नाही. पहिल्या खात्रीपायी लग्न झालं. दुसऱ्या खात्रीपायी बाईंचं गाडी शिकणं त्याच दिवशी, फर्स्ट गिअर टाकायच्या आधीच संपलं.

पुढे मास्तरांनी निम्मं गाव चाकावर बसवलं. डावं-उजवं न कळणाऱ्या एका मुख्याध्यापिकेच्या मनगटांना दोन रंगांचे रुमाल बांधून त्यांनी तिला रस्त्याला लावलं. गिअर बदलताना डोळे मिटणाऱ्या एका दंतवैद्याला त्यांनी डोळे उघडे ठेवायला शिकवलं, ज्याचा फायदा पुढे त्याच्या पेशंटांनाही झाला. पण घरात? दिव्याखाली अंधार.

बाईंचा धंदा पडद्यांचा. खिडकी मोजायची, कापड दाखवायचं, घरी मशीनवर शिवायचं, आणि मग शिडी, ड्रिल मशीन आणि पडद्यांचं गाठोडं घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी टांगायला जायचं. हे सगळं बिऱ्हाड हलवायला गाडी लागते, आणि गाडी मास्तरांना दोन शिकवण्यांच्या मध्ये वेळ मिळेल तेव्हाच मिळायची. गावाबाहेर नव्या वसाहती उठत होत्या. इमारतींवर इमारती, खिडक्याच खिडक्या, आणि एकीलाही पडदा नाही! तिकडून जाताना बाईंच्या तोंडाला पाणी सुटायचं. पण दुसरी एक पडदेवाली स्वतःची गाडी घेऊन सकाळीच तिथे पोचायची, आणि बाई पोचेपर्यंत खिडक्या झाकलेल्या असायच्या.

"अहो, मला शिकवा ना," बाई म्हणायच्या.

"शिकवतो की. मी कधी नाही म्हटलंय? पण तू चाकाला हात लावलास की माझं काळीज काय करतं, ते मला विचार."

एकदा बाईंनी हट्टच धरला. मास्तर कसेबसे तयार झाले. आधीचा विद्यार्थी ताडमाड उंच असल्याने सीट मागे गेली होती. मास्तर वाकले, दांडा ओढला, ताठ झाले, आणि पुन्हा तीच दौड. "बघ!" फुटपाथवर बसून छाती धरत ते म्हणाले. त्यात वेदना होती, पण पुरावा हाती लागल्याचं समाधानही होतं. "अजून तितकंच प्रेम आहे, आणि तितकीच भीती."

बाईंना राग यावा की लाज वाटावी, हेच कळेना. बायको समोर आली की ज्याचं काळीज इतक्या वर्षांनीही धावतं, अशा नवऱ्याशी भांडायचं तरी कसं?

पन्नाशी ओलांडल्यावर मात्र ही दौड बाईंचा मुलाहिजा ठेवीनाशी झाली. बाई जवळपास नसतानाही ती येऊ लागली. ओळखीचे म्हणायचे, "मास्तर, तुमच्या धंद्यात धडधड नाही होणार तर काय लायब्ररीत होणार?" मास्तरांनाही ते पटलं. दंतवैद्यावर, मुख्याध्यापिकेवर आणि एकूण मानवजातीच्या क्लच सोडण्याच्या पद्धतीवर खापर फोडून ते मोकळे झाले.

पण बाई त्यांना घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्याच. तिथे पोचेपर्यंत काळीज शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून बसलेलं. घरात उच्छाद मांडणारं पोर पाहुणे आले की कसं गुणी होतं, तसं. छातीवर आणि हातापायांवर चिमटे-बटणं लावून कार्डिओग्राम काढला. ठोके एका ओळीत, प्रार्थनेला उभे असल्यासारखे.

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडी घासायच्या वेळेलाच कसे आजारी पडता?"

"घे! पोटच्या पोरीला बाप नाटकी वाटतो."

"नाटकी नाही हो, पण तिकीट काढून बघावं असं करता खरं," बाई म्हणाल्या. मनातून मात्र त्यांना काळजी वाटत होती. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या ठोक्यांचीच एक वेगळी डॉक्टर आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी मास्तरांना तिच्यापुढे नेऊन बसवलं.

ही डॉक्टर तरुण होती आणि तिला हसायला वेळ होता. "चोर पकडायचा तर चोवीस तास पहारा ठेवावा लागतो," ती म्हणाली, आणि मास्तरांच्या छातीवर तारा चिकटवून तिने त्यांच्या कमरेला पाकिटाएवढं एक यंत्र बांधलं. त्याला होल्टर म्हणतात. ते दिवसभर, रात्रभर प्रत्येक ठोका टिपून ठेवतं. "रोजची कामं रोजच्यासारखी करा. धडधडलं की हे बटण दाबा."

चक्कर येते का, काजवे दिसतात का, हे तिने विचारलं होतं. मास्तर छताकडे बघत "छे, छे," म्हणाले होते. कारण हो म्हटलं तर ही आपल्याला गाडीतून उतरवणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्या दिवशी मास्तरांनी बटण असं दाबलं, की जणू दाराबाहेर भिजत उभा राहिलेला पाहुणा घंटी वाजवतोय. विद्यार्थ्याने ट्रकच्या मागे गाडी नेली: दाबलं. चढावर गाडी मागे घसरली: दाबलं. दंतवैद्याची बायको शिकायला येत होती. तिने नुसतं आरशात बघून लिपस्टिक नीट केली: दाबलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने रिपोर्ट टेबलावर पसरला. बाई आणि मास्तर समोर.

"तुम्ही बटण पुष्कळ वेळा दाबलंत," ती म्हणाली. "त्या सगळ्या वेळी तुमचं हृदय अगदी ठीक होतं. जरा जलद, एवढंच. घाबरलेल्या माणसाचं होतं तसं."

"मग?"

"सकाळी घरी काय करत होतात? तिथे बटण दाबलेलं नाही, आणि ठोके एकदम दोनशेच्या घरात गेलेत."

मास्तरांनी आठवलं. "मोजे घालत होतो. दोन्ही हात गुंतलेले, बटण कसलं दाबतो!"

"म्हणजे वाकला होतात?"

"हो."

"कधी कधी वाकून उठताना सुरू होतं हे. पहिल्यांदा कधी झालं होतं, आठवतं?"

मास्तरांचा चेहरा उजळला. ही तर त्यांची पेटंट हकिगत! त्यांनी पृथ्वी थांबवली, कावळे लटकवले, विमान लटकवलं. "पाय पोचत नव्हते हिचे. मी खाली वाकलो, सीटचा दांडा ओढला, उठलो आणि..."

डॉक्टरचं पेन जागच्या जागी थांबलं. कावळे आता खरोखरच लटकले असावेत.

"वाकलात," डॉक्टर हळूच म्हणाली.

बाई सावकाश मास्तरांकडे वळल्या. "म्हणजे तुमचं प्रेम माझ्यावर नाही, त्या दांड्यावर बसलं होतं."

"अगं, तसं नाही..."

"आणि चक्करही येते हो यांना, डॉक्टर. काजवे दिसतात. तुमच्यापासून लपवलं."

हे सूड म्हणून होतं की काळजी म्हणून, ते बाईंनाही सांगता आलं नसतं. पण परिणाम व्हायचा तो झाला. उपचार होईपर्यंत गाडी चालवायची नाही, शिकवायची तर नाहीच, असा हुकूम निघाला.

मग डॉक्टरने कागदावर हृदय काढून समजावलं. पंप उत्तम आहे, नळ्या साफ आहेत. बिघाड विजेच्या वाटेत आहे. ठोक्याचा हुकूम वरून खाली एका वाटेने यायला हवा. मास्तरांच्यात जन्मापासून एक जास्तीची वाट आहे. कधी कधी हुकूम एका वाटेने उतरतो, दुसरीने परत वर चढतो आणि फिरतच राहतो.

"गोल चौक!" मास्तर ओरडले. "शिकाऊ माणूस गोलात शिरला, बाहेर पडायची गल्ली चुकली, म्हणून पुन्हा फेरी. पुन्हा चुकली, पुन्हा फेरी. आणि सगळी वाहतूक त्याच्या मागे!"

"अगदी हेच," डॉक्टर म्हणाली. "मी आता सगळ्या पेशंटांना असंच सांगणार."

"मी अशा वेळी ब्रेक दाबतो."

"आम्हीही दाबतो." तिने मास्तरांना एक रिकामी सिरिंज दिली. दौड सुरू झाली की मागे रेलून बसायचं, सिरिंजमध्ये तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं व्हायचं आणि कोणीतरी पाय वर उचलून धरायचे. बरेचदा एवढ्यानेच ठोका जागेवर येतो. नाही आला तर तडक हॉस्पिटल. तिथे इंजेक्शन असतं. "पण तो तात्पुरता ब्रेक. कायमचं हवं असेल तर ती जास्तीची गल्लीच बंद करावी लागेल. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या आणि तेवढीच जागा जाळायची. छाती उघडायची नाही. धोका अगदी शून्य कधीच नसतो, पण फार थोडा आहे. गोळ्याही देता येतील."

"गोळ्याच द्या," मास्तर घाईने म्हणाले.

"जाळा," बाई म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये मास्तर म्हणाले, "इतक्या वर्षांची धडधड आहे गं. ती जाळून टाकायची? आणि नंतर तुला बघून काहीच झालं नाही तर?"

"तर इतर नवऱ्यांसारखे व्हाल. बायका त्यांच्याबरोबरही राहतातच." बाईंनी तिकिटं पर्समध्ये टाकली. "आणि बरे झालात की मला गाडी शिकवायची. आता सबब नाही."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. ठोके मात्र बिलकुल जलद झाले नाहीत, हे त्यांनी मनगट धरून तपासलं आणि ते आणखीच खट्टू झाले.

गल्ली बंद करायच्या दिवशी बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हातात मापाची टेप, ती त्या उलगडत होत्या आणि गुंडाळत होत्या. आत काय झालं ते डॉक्टरने नंतर सांगितलं. मास्तर जागेच होते. आधी त्यांची दौड मुद्दाम सुरू करावी लागते, म्हणजे वाट नेमकी सापडते. ती सुरू झाल्यावर डॉक्टरने विचारलं, "हीच ना ती?" तर मास्तर टेबलावरून म्हणाले, "हीच. हिच्याच भरवशावर लग्न केलं मी." सगळे इतके हसले, की हात स्थिर व्हावे म्हणून डॉक्टरला जरा थांबावं लागलं. मग तिने जागा जाळली, दौड पुन्हा सुरू करून पाहिली, आणि ती काही केल्या सुरू झाली नाही.

वॉर्डात मास्तर उताणे पडून होते. पाय हलवायला मनाई. बाई जवळ गेल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि स्वतःच्या नाडीवर बोट ठेवलं.

"काही होतंय का?" बाईंनी विचारलं.

"काही नाही." मास्तरांनी नाडीवरचं बोट काढून बाईंचा हात धरला. "पण तू इथेच बस. उठू नकोस."

बाई बसल्या. नर्सने दोनदा सांगूनही उठल्या नाहीत.

डॉक्टरने मोकळीक दिल्यावर एका सकाळी मास्तर किल्ली घेऊन बाईंपुढे उभे राहिले. सीटखालचा दांडा बाईंनी स्वतःच ओढला. त्याला हात लावायची परवानगी आता मास्तरांना नव्हती. गाडी तीन आचके देऊन निघाली आणि पहिल्याच वळणावर कचऱ्याच्या डब्याला भेटली.

"ब्रेक! अगं ब्रेक! तो क्लच आहे, बाई!"

"धडधडतंय का?"

"नाही! पण घशाला कोरड पडलीय!"

"घशाचा डॉक्टर वेगळा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी मागे घेतली.

परीक्षेत बाई दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा पास. परवाना घरी आला. पण नव्या वसाहतींत आता बाहेरच्या गाड्या उभ्या करायला जागा देत नाहीत, त्या दुसऱ्या पडदेवालीलाही नाही, त्यामुळे बाई पडद्यांचं गाठोडं आणि शिडी घेऊन बसनेच जातात.