कोंबड्यांचं लुगडं

मामा कधी फोन करायचा नाही. फोन मामीचा असायचा आणि मागून मामाचा आवाज यायचा, "सांग तिले, वांगे पाठवून राहिलो म्हणून." त्यामुळं पौषातल्या त्या संध्याकाळी मामाचा आवाज थेट कानावर आला, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे मी ओळखलं. "बाई, तुही मामी गेली वो," मामा म्हणाला. आणि लगेच, "अन् कोंबड्या अजून बाहेरच आहेत." टमाटरांच्या झाडांना काठ्या बांधता बांधता मामी दुपारी खाली बसली ती उठलीच नाही. घर माणसांनी भरलं, रडारड झाली, आणि या माणसाला काळजी कसली, तर कोंबड्यांची! खरं सांगते, मला त्या क्षणी मामाचा रागच आला होता.

सिहोऱ्याहून बपेऱ्याकडं जाताना लागणाऱ्या एका लहानशा गावात मामाचं घर आहे. पुढं धानाच्या बांध्या, घरामागं भाजीपाल्याची सांदवाडी आणि तिच्या कडेला कवेलूंच्या छपराचं, कुडाच्या भिंतींचं खुराडं. धान मामाचं, सांदवाडी आणि कोंबड्या मामीच्या, अशी वाटणी लग्नानंतर कधीतरी झाली होती आणि ती दोघांनीही काटेकोरपणे पाळली. माझं माहेर कारध्याचं. शाळेला सुट्टी लागली की आई मला एसटीत बसवून भावाकडं धाडून द्यायची. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. दारात पोचल्याबरोबर मामा वाकायचा, मी फुगून जायची, आणि लगेच मामी माझ्या हातात खराटा द्यायची. "झालं ना देवपण? आता खुराडं झाड."

त्या घरात मला ऋतू कॅलेंडरवरून नाही, मामीच्या हातात काय आहे त्यावरून कळायचे. पावसाळ्यात तिच्या हातात काठी असायची, कारण कुंपणावर दोडके आणि कोहळे चढत असायचे आणि खाली कोवळ्या रोपांवर कोंबड्यांचा डोळा असायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई सोबत नेणाऱ्या मारबतीचा पुतळा निघाला की सारं गाव 'खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा' म्हणून ओरडायचं, आणि मामी सगळ्यांच्या वरचा सूर लावायची, "कोंबड्यायची मानमोडी घेऊन जाय वो मारबत!" मानमोडी म्हणजे भरलेलं खुराडं बघता बघता रिकामं करणारा रोग. गावातल्या बाया हसायच्या, पण पुढं त्याही तिच्यासोबत ओरडू लागल्या. हिवाळ्यात तिच्या हातात टोपली. वांगी, टमाटर, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सांबाराचा वास मामीच्या बोटांना संक्रांतीपर्यंत असायचा. धान निघालं की कोंबड्या मोकळ्या बांध्यांत सांडलेले दाणे टिपत हिंडायच्या, आणि तेव्हाच्या अंड्यांचा बलक असा पिवळाजर्द की शहरात मला आजतागायत तसा दिसलेला नाही. उन्हाळ्यात खुराड्यावर ओली पोती टाकायची, चिंचेखाली मातीच्या परळांत पाणी ठेवायचं, आणि खुडूक कोंबडीला तणसाच्या डाल्यात अंड्यांवर बसवून आम्हा पोरांना दम द्यायचा, "इकडं कोणी फिरकलं तर पाहा!" त्या उन्हातही त्या घरासारखा गारवा मला दुसरीकडं कुठं मिळाला नाही.

आता लुगड्याची गोष्ट. एकदा आम्ही सगळे नात्यातल्या एका लग्नाला निघालो होतो. मामीनं ठेवणीतलं जांभळं रेशमी लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती. जीप दारात उभी, आणि हिला आठवलं की अंडी उचलायची राहिली. ती तशीच खुराड्यात शिरली. पुढच्या क्षणी आतून असा कल्ला उठला की आम्हाला वाटलं रानमांजर घुसलं! कोंबड्या तिच्या डोक्यावरून उडत बाहेर आल्या, एक तर सरळ जीपच्या टपावर जाऊन बसली, आणि मागून मामी निघाली ती बलकानं माखलेली. जांभळ्या रंगातल्या त्या बाईला त्यांनी ओळखलंच नव्हतं. मामी लग्नाला गेली ती रोजच्या हिरव्या, पिवळ्या काठाच्या लुगड्यातच. मांडवात कोणी विचारलं तर म्हणायची, "का करू, माह्या पोरीच मले ओळखत नाई."

तेव्हापासून ते हिरवं लुगडं 'कोंबड्यांचं लुगडं' झालं. खुराड्याच्या दाराशी आतल्या बाजूला एक खुंटी होती, तिच्यावर ते असायचं. सकाळ-संध्याकाळ ते अंगावर घेतल्याशिवाय मामी आत पाऊल टाकायची नाही. ते विरलं की सिहोऱ्याच्या बाजारातून तशाच रंगाचं नवं यायचं, पण कोंबड्यांना ते एकदम दाखवायचं नाही. नवं नेसायचं आणि वरून जुनं खांद्यावर पांघरायचं, नव्याचा रंग उतरेपर्यंत. मामा ओट्यावर बसून चिडवायचा, "माह्यासाठी कधी येवढी तयारी नाई केली तू." मामी मान वर न करता म्हणायची, "तुम्ही कोठी अंडे देता?"

तेरवीनंतर मामीच्या बहिणीनं, आमच्या सुमनमावशीनं, कपाटातली सगळी लुगडी गरजू बायांना वाटली. खुंटीवरचं मात्र तिनं वेगळं गाठोड्यात बांधलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं रोजचं वस्त्र घरात ठेवायचं नाही, नदीत सोडायचं, असं तिचं म्हणणं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण इकडं कोंबड्या खुराड्यात जाईनात. अंधार पडायच्या सुमाराला पेरूच्या झाडावर चढून बसत, अंडी लाखोरी डाळीच्या शेतात कुठंही टाकत, आणि मुंगसाची चैन झाली होती. मामा दाणे घेऊन आर्जवं करी, त्या त्याच्यापासून दूर पळत. शेवटी संजूनं, म्हणजे मामाच्या मुलानं, ठरवलं की कोंबड्या विकायच्या आणि बाबांना नागपूरला न्यायचं. पोरगा गुणाचा आहे. बाप एकटा राहू नये एवढंच त्याला वाटत होतं. त्यानं गिऱ्हाईकही ठरवलं. मामा फक्त म्हणाला, "पाहू." त्याचं 'पाहू' म्हणजे एरवी 'नाही' असतं, पण या वेळी तसं ऐकू आलं नाही. मला धास्ती वाटली. कोंबड्या गेल्या की सांदवाडी जाणार, आणि फ्लॅटच्या गॅलरीत खुर्चीवर बसलेला मामा मला डोळ्यांपुढं आणवेना.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथंच होते. आल्या आल्या मामा माझ्या पाया पडायला वाकला होता, तेव्हाच मला रडू आलं होतं... चहा झाल्यावर तो उठला, गाठोडं सोडलं आणि ते लुगडं बाहेर काढलं. सुमनमावशी आपल्या भाऊजींवर ओरडलीच, "भाटवं! काहून काढून राहिले ते? नदीत सोडाचं आहे ना!" मामानं ऐकलं नाही. झुपकेदार मिशांच्या त्या माणसानं बायकोचा पदर डोक्यावरून घेतला, खांद्यांभोवती लपेटला, आणि पेरूखाली उकिडवा बसून दाणे टाकू लागला. मला हसूही फुटलं आणि डोळेही वाहायला लागले. मामानं हळूच मान वळवली. "हासून घे वो बाई. पर आवाज नोको करू, डरतात त्या."

आधी एक म्हातारी लाल कोंबडी उतरली. मान वाकडी करून तिनं त्याच्याकडं पाहिलं, काठाला चोच मारून बघितली. मग दुसरी उतरली, मग बाकीच्या. मामा बसल्या बसल्या मागं सरकत खुराड्यात गेला आणि त्याच्यामागं त्या गेल्या. तो लगेच बाहेर आला नाही. सुमनमावशीनं पदर तोंडाला लावला. आम्ही दोघी अंगणातच उभ्या राहिलो. आत कोंबड्या झोपायच्या आधी कुरकुरतात तसा आवाज येत होता, आणि मामा कोणाशीतरी बारीक आवाजात बोलत होता.

सकाळी गिऱ्हाईक आलं. मामानं त्याला चहा पाजला, पिशवीभर वांगी दिली आणि वाटेला लावलं. गाठोड्याचं नाव सुमनमावशीनं पुन्हा काढलं नाही.

गेल्या आठवड्यात मामाचा पुन्हा फोन आला. आता तोच करतो. बाजारातून नवं लुगडं आणलं म्हणाला, हिरवं, पिवळ्या काठाचं. जुनं खांद्यावर विरत चाललंय. दुकानदारानं कोणासाठी म्हणून विचारलं, तर सांगितलं, घरच्यांसाठी. सध्या नवं आतून गुंडाळतो, जुनं वरून पांघरतो, मामी करायची तसंच. रात्री दोन्ही त्याच खुंटीवर. संजू रोज विचारतो म्हणून मीही विचारलं, "मामा, मग नागपूरला कधी जाता?"

"पाहू," मामा म्हणाला. मागं कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. "नव्या लुगड्याचा रंग तं उतरू दे पहिले."