मशीनशेजारचं टेबल

उज्वला गांगुर्डे एका फॉर्ममध्ये अकरा चुका सोडेल, यावर माझा विश्वास बसेना. फॉर्म म्हणजे एका वेळी छापली जाणारी सोळा पानं. एका कथेतला अख्खा परिच्छेद दोनदा आला होता. तिनं त्यावर बरोबरची खूण केली होती.

एम.ए.ला आम्ही एका बाकावर होतो. तास चालू असताना ती पाठ्यपुस्तकातल्या छपाईच्या चुका काढायची. पुढे मी सातपूरच्या एका छापखान्यात दिवाळी अंकाचं संपादन बघू लागलो. तिथं मुद्रितशोधक हवा होता. मालक गोरक्षशेठना मी तिचं नाव सुचवलं. जूनमध्ये त्यांनी तिला घेतलं. दिवाळी अंक हातावेगळा झाला की कायम करू, म्हणाले. तिला ही नोकरी हवीच होती. वडील गेल्यापासून घर लताबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या शिवणकामावर चाललं होतं, आणि लताबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता.

तीन महिने तिचं टेबल छपाईच्या मशीनला खेटून होतं. दुसरी जागाच नव्हती. मशीन चालवणारे गोटीराम पहिल्या दिवशी तिला म्हणाले, "ताई, कानात कापूस घाला. लय आवाज हाय हिचा." तिनं घातला नाही. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पावतीपुस्तकं. एकही चूक निसटली नाही.

शेठ खूश झाले. सप्टेंबरात अंकाचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी तिला वरची काचेची केबिन दिली. एसी, जाड दार, आत आवाज म्हणून नाही. दिवाळी अंक तपासणाऱ्याला शांतता द्यायची, हा त्या छापखान्याचा जुना नेम. तो मान समजला जाई.

त्या मानाच्या जागी पहिल्याच फॉर्ममध्ये अकरा चुका.

शेठ रागावले नाहीत. ते जास्त वाईट होतं. पुढचा फॉर्मही असाच आला तर दुसरं माणूस बघावं लागेल, एवढंच मला म्हणाले.

मी माझ्या परीनं उपाय केला. जाड दारातूनही खालचा आवाज वर येत असेल असं वाटून मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे आणले. तिनं ते हातात घेतले आणि हसायला लागली. मग तिचे डोळे भरून आले.

"अरे, मला शांततेचाच त्रास होतोय," ती म्हणाली. "एसीचं पाणी टपकतं ते ऐकू येतं. घड्याळ ऐकू येतं. आईनं गोळी घेतली का, तेही आत्ताच आठवतं. एक ओळ संपेपर्यंत मी चार ठिकाणी जाऊन येते."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नसल्याचं, सांगितलं होतं. इतके दिवस शेजारी बसून मला काही कळलं नव्हतं. शाळेचा सगळा अभ्यास तिनं आईच्या शिलाई मशीनच्या पायाशी बसून केला. मशीन थांबलं की वाचन थांबायचं. परीक्षेच्या दिवसांत कापड संपलं तरी लताबाई नुसतं पायडल मारत बसायच्या. गाणी तिला चालत नाहीत. मन शब्दांमागे जातं. एकसारखा, काहीच न सांगणारा आवाज लागतो. हे सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना पंखाही सोसत नाही, पण तुला जमतं तर वापर, असं डॉक्टर म्हणाले होते.

टेबल खाली मागून घे, असं मी सुचवलं.

"काय सांगून? त्यांनी मान म्हणून केबिन दिलीय. आणि डोक्याचं काही आहे म्हटलं की पुढचं कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं खाली जाऊन फोनवर मशीनचा आवाज रेकॉर्ड केला. आपला व्हिडिओ काढताहेत असं वाटून गोटीरामांनी आधी केस विंचरले. मग ती केबिनमध्ये कानात इअरफोन घालून बसली. तीन दिवस.

गुरुवारी शेठ वर आले. मी तिथंच अनुक्रमणिका जुळवत होतो. त्यांना काचेतून इअरफोन दिसले.

"मॅडम, गाणी ऐकायला बसलात का इथं?"

उज्वलानं एक इअरफोन काढला, ओढणीला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. शेठनी तो कानात घातला. मान एका बाजूला कलवली. आता संपलं, असं मला वाटलं.

"ही तर आपलीच मशीन."

"हो."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ह्यात कागद दुहेरी जातोय, एकदम दोन-दोन. कधीचं आहे हे?"

"सोमवारचं."

"गोटीराम बोलला नाही मला."

मग तिनं सगळं सांगितलं. आजाराच्या नावासकट, चार वाक्यांत. शेठनी ऐकलं आणि तिनं या तीन दिवसांत तपासलेला फॉर्म मागितला. खुर्ची ओढून सोळाही पानं स्वतः वाचली. पाऊण तास लागला. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

त्यांना एकच चूक सापडली. एका जाहिरातीत दुकानाचा पत्ता चुकला होता. त्याच्या शेजारी तिनं पेन्सिलीनं आधीच प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

शेठ उठून जिन्यापाशी गेले.

"गोटीराम, मॅडमचं टेबल खाली लावून घे. आणि त्या दुहेरी कागदाचं काय ते सांग मला."

उज्वलानं पेन्सिली गोळा केल्या. मी कागदांचा गठ्ठा उचलला.

अंक वेळेवर निघाला. शेवटच्या पानावर तिचं नाव आहे. ती आता कायम आहे, आणि लताबाई फक्त स्वतःचे ब्लाउज शिवतात. केबिनमध्ये दुपारी शेठ झोपतात.

माझं काम अंकापुरतंच होतं; परवा सहज छापखान्यात गेलो होतो. चहा आला. मशीन बंद करण्याआधी गोटीराम उज्वलाकडे बघत उभे राहिले. तिनं मान वर न करता एक बोट दाखवलं. ते थांबले. तिनं पान उलटलं आणि मान हलवली.

मग मशीन थांबलं.