चार गोण्या खारी

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर डाव्या बाजूला घराची कामं आणि उजव्या बाजूला ती करणारा माणूस. ‘टाकी धुणे – हे’, ‘कूलरचं गवत बदलणे – मी’, ‘गॅसची नळी तपासणे – मी’, ‘बिजागऱ्यांना तेल – हे’. ‘हे’ म्हणजे माझा नवरा. अक्षर माझं आणि शिक्षा त्याला, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगेना का. धुळ्यात स्वतःचं घर बांधलं तेव्हाच मी ठरवलं होतं की या घराकडे आपण डोळ्यांत तेल घालून बघायचं. मी एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते. दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढते आणि घरी आल्यावर तीच नजर भिंतींवरून फिरवते.

घर नीट कसं ठेवावं याचे व्हिडिओ मी जेवतानाही बघते. आमच्याकडच्या पाण्याने तोटीवर पांढरे क्षार चढतात, म्हणून महिन्यातून एकदा तिला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवायचं, हे मी तिथेच शिकले. पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा नवऱ्याने तोटीपाशी जाऊन विचारलं, “ताप उतरला का?” दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तोटी मात्र लख्ख झाली.

अडचण होती ती वरच्या खोलीची. आमचा स्लॅब उन्हाळ्यात असा तापतो की संध्याकाळी वर जाऊन पंखा लावला तर तो गरम हवाच खाली ढकलतो. त्यावर उपाय म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावून घेतला. दोन हात. रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून. गच्ची अशी चकाचक झाली की दुपारी तिच्याकडे बघवेना. मी लगेच फर्मान काढलं, गच्चीवर चपला घालून कोणी जायचं नाही. वाळवण खाटेवर घालायचं, जमिनीवर नाही. खोली थोडीफार निवली, म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगत होते.

त्याच उन्हाळ्यात मी आबांना घेऊन आले. आबा म्हणजे माझे वडील. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला आमचं गाव आहे. आई गेल्यापासून ते तिथे दोन खोल्यांच्या धाब्याच्या घरात एकटे राहत. धाबं म्हणजे लाकडी वाशांवर काटक्या-पाला पसरून, त्यावर माती चोपून केलेलं सपाट छप्पर. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर खारी टाकावी लागते. चहात बुडवायची ती नव्हे. ही पांढुरकी खारट माती असते. पाणी लागलं की ती फुगून घट्ट बसते आणि थेंब खाली उतरू देत नाही. चैत्रात ती खारी टाकायला चढताना आबांना शिडीवर चक्कर आली. शेजाऱ्यांनी धरलं म्हणून वाचले. फोन आला तशी मी गाडी पकडली. मी त्यांची एकुलती एक मुलगी. त्यांनी आता कायमचं माझ्याकडे राहावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच सोडून ते बाकी काहीही करायला तयार होते.

आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्काम टाकत नाहीत. आबांच्या वडिलांनी तर म्हणे लेकीच्या गावच्या विहिरीचं पाणीही कधी तोंडात घेतलं नव्हतं. आबा तेवढे कडक नाहीत, पाणी पितात. पण त्यांची कापडी पिशवी आमच्या खुंटीवर कायम भरलेली असे. मी कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता, त्यावर नवा कागदही अंथरला होता. ते सकाळी पिशवीतून धोतर काढत आणि वाळलेलं धोतर घडी करून पुन्हा पिशवीतच ठेवत. दर चार दिवसांनी चहा पिता पिता म्हणत, “चार दिन झायात, माय. आते मी जास.”

मी म्हणायची, “आबा, आराम करा. तुम्हाला इथे काही करायचं नाहीये.” हे मी मोठ्या प्रेमाने म्हणत असे. झाडू हातात घेतला की काढून घ्यायची. बाजारात निघाले की, “ऊन आहे, बसा.” कूलरमध्ये पाणी भरायला बादली उचलली की, “आबा, ते काम यांचं आहे, कागदावर लिहिलंय.” आबा बादली खाली ठेवत आणि कागदाकडे बघत. त्यांना वाचता येतं, तिसरीपर्यंत शिकलेत. त्यांचं नाव कुठल्याच ओळीत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला मला फार उशीर लागला.

एका दुपारी वरच्या खोलीत पडून आल्यावर ते म्हणाले, “माय, हाई धाबं फार तपस. वर खारी टाकनी पडी.”

आबांच्या लेखी कुठलंही सपाट छप्पर म्हणजे धाबंच. मी हसले. रंगाचा डबा आणून त्यावरची माहिती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावली, आणि संध्याकाळी अंगणात जाऊन गावच्या शेजाऱ्याला फोन लावला.

पुढे काय झालं ते मी घरी नसल्यामुळे नवऱ्याकडून कळलं. गावाहून भाजीचा टेम्पो धुळ्याच्या बाजारात रोज येतो. त्याने सकाळी आमच्या दारात चार गोण्या खारी उतरवली. नवऱ्याला सुट्टी होती. त्याला वाटलं हे माझ्याच कुठल्या तरी व्हिडिओतलं असणार, आणि अशा बाबतीत प्रश्न विचारायचे नाहीत हे तो शिकला आहे. उलट त्याने दोन गोण्या वर चढवून दिल्या. शिडीवर चक्कर आलेला माझा बाप दुपारपर्यंत गच्चीवर खारी पसरत होता, आणि माझा नवरा खाली बसून क्रिकेट बघत होता.

संध्याकाळी मी आले तेव्हा आबा दारातच उभे होते. धोतर, मिशा, भुवया, सगळं पांढरं. इतके खुश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

“खारी टाकी दिधी. आते तुनी खोली थंड ऱ्हाई.”

मी वर गेले. माझ्या चकाचक गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माती. मी दातओठ खाल्ले, पण त्यांचा चेहरा आठवला आणि गप्प बसले. म्हटलं, रविवारी हळूच झाडून काढू.

तेवढ्यात नळ आला. आमच्याकडे नळ काही रोज येत नाही. आला की घरोघरी धावपळ उडते. मी मोटर लावली, पिंप भरायला घेतलं, कपडे भिजवले, आणि जरा बसावं म्हणून फोन उघडला. समोर नेमका टाकीची निगा कशी राखावी असा व्हिडिओ आला. मी तो मन लावून बघितला. त्यानंतरचाही बघितला.

मोटर चालूच राहिली. वरची टाकी भरून वाहू लागली, पाणी गच्चीवर पसरलं, आणि खारीने तिच्या स्वभावाप्रमाणे केलं. फुगली, सरकली, आणि पाणी उतरायच्या नळीच्या तोंडात घट्ट जाऊन बसली. गच्चीचं तळं झालं. मग ते तळं उंबरा ओलांडून जिन्याने खाली यायला लागलं. मी मान वर केली तेव्हा पांढरा चिखल शेवटच्या पायरीवरून दिवाणखान्यात उतरत होता.

मी जे बोलले ते आजही आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. आबा धावत आले होते, हातात खराटा होता. नवरा जिन्यात उभा होता. मी सगळा दोष खारीवर घातला आणि ओरडले, “आबा, तुम्हाला काही करू नका म्हणून किती वेळा सांगितलं? तुमचं गावचं शहाणपण गावात ठेवा. माझ्या घरात ते चालवू नका!”

माझ्या घरात. चांगल्या खणखणीत, शहरी मराठीत.

आबांनी खराटा भिंतीला टेकवला. ते आधी मोटरच्या बटणापाशी गेले आणि ते बंद केलं. मग वर जाऊन नळीत हात घालून खारीचा गोळा काढला आणि अंधार पडेपर्यंत गच्ची खरवडत राहिले. नवरा मदतीला गेला. मी जिना पुसत राहिले. सकाळी उठले तेव्हा खुंटी रिकामी होती. आबा पहिल्या बसने गेले होते. कपाटातल्या कप्प्यातला कागद मी अंथरला होता तसाच होता, एक सुरकुतीही नाही.

पुढचे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ गावी फोन लावत राहिले. फोन केला की आबा म्हणत, “मी बेस शे,” आणि ठेवून देत. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि शिरपूरची गाडी पकडली.

गावी पोहोचले तर आबा धाब्यावर. शिडी लावलेली, उन्हात एकटे, टोपल्यातून खारी पसरताहेत. मी जाऊन शिडी धरली. त्यांनी मला बघितलं, सावकाश उतरले, हात धुतले आणि पाहुणा आल्यावर करतात तसं सगळं केलं. खाट टाकली, तांब्या दिला, म्हणाले, “बस. चहा मांडस.” ते चहा टाकत होते आणि मी आत बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आतमध्ये घागरीजवळ असावा तसा गारवा होता. मला रडूच आलं.

“आबा, मोटर मीच चालू ठेवली होती.”

“माले माहीत शे,” चुलीत फुंकता फुंकता ते म्हणाले.

“मग त्या वेळी बोलला का नाहीत?”

“जवाई उभा व्हता ना तठे.”

एवढंच. नवऱ्यासमोर लेकीची चूक दिसू नये म्हणून हा माणूस माझ्या शिव्या खाऊन गप्प राहिला होता. मी त्यांचे पाय धरले, तर ते वैतागले. चहा उतू जाईल म्हणाले.

चहा झाल्यावर मी पदर खोचला आणि शिडी चढले. त्यांना खाली उभं केलं. मी पसरायची आणि ते खालून सांगायचे, इथे जाड, तिथे पातळ, कडेला हात चोपून. पन्हाळीच्या तोंडाशी त्यांनी एक वीतभर जागा मोकळी ठेवायला लावली, तिथे दगड रचायला सांगितले. म्हणजे नळीचं त्यांना कळत होतं. आमच्या गच्चीवर नळी कुठे आहे ते त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. त्यांच्याकडे फ्रिज नाही, पण यादी त्यांचीही होती. पावसाळ्याआधी खारी, धान्यात निंबाचा पाला, दिवाळीला भिंतींना पांढऱ्या मातीचं पोतेरं. कामासमोर माणूस मात्र एकच उरला होता.

उतरल्यावर मी म्हटलं, “आबा, खरं सांगते. रंग लावूनही खोली तापतेच. मी सगळ्यांना खोटं सांगते. काय करू?”

त्यांनी हाताची माती चोळून काढली. मग म्हणाले, “मांडव बांधना पडी. वर गिलकाना वेल सोडू.” आणि पुढे म्हणाले, “मांडव व्हयना का मी परत गावले येस.”

मी होय म्हटलं. संध्याकाळच्या गाडीत आम्ही दोघं, त्यांची भरलेली पिशवी आणि पुडीत बांधलेलं गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी.

मांडव आठ दिवसांत झाला. बांबू आबांनी स्वतः निवडले, नवऱ्याला वर चढवून दोऱ्या आवळायला लावल्या आणि गाठ ढिली दिली की पुन्हा सोडायला लावली. मी कुणाच्याही हातातून काही काढून घेतलं नाही. दोन जुनी पिंपं कापून त्यात माती भरली, उरलेल्या खारीचा थर देऊन त्यांनी पिंपांच्या फटी बुजवल्या. वर हिरवी जाळी टाकली, तरी दुपारी खोलीत पडवेल इतपत फरक पडला. वेल मांडवाच्या पहिल्या आडव्या बांबूला लागला. काम संपलं होतं. रोज चहाच्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, आता म्हणतील, आता म्हणतील.

एका सकाळी नळ आला. मी मोटर लावली, पिंपाकडे गेले, आणि कार्यालयातून फोन आला. अर्ध्या तासाने टाकी आठवली. धावत आले तर मोटर बंद. टाकी काठोकाठ, गच्ची कोरडी. आबा अंगणात धोतर वाळत घालत होते. खुंटीवर त्यांची पिशवी लटकत होती, पोकळ, चपटी. मी कपाट उघडलं. कप्प्यात दोन धोतरं, तीन सदरे, आणि आईचा एक फोटो.

पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले. कागदावर माझ्या अक्षरातल्या ओळींच्या खाली पेन्सिलने, तिसरीतल्या मुलाच्या वळणाने एक नवी ओळ लिहिलेली होती.

‘मोटर बंद करने – आबा’.