सिलोन गाठायचंच!

आम्हा जुन्या रेडिओवाल्यांचं असंच आहे. एकानं विजेचा धक्का खाल्ल्याची गोष्ट काढली की दुसऱ्याला त्याहून मोठा धक्का आठवतो, आणि चहा गार होतो!

निजामी अमलातली परभणी. आम्ही तिघं हौशी: कापसाच्या जिनिंग गिरणीतले मेकॅनिक व्यंकटराव, रेडिओ दुरुस्त करणारे करीमभाई आणि मी, शाळामास्तर. सरकारी परवान्याचा आमचा एक ट्रान्समीटर व्यंकटरावांच्या घरी होता. आवाज जेमतेम हैदराबादेपर्यंत जायचा. व्यंकटरावांचा एकच हट्ट, "सिलोन गाठायचंच!"

*

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एका वाल्व्हच्या जागी दोन बसवले, व्होल्टेज वाढवलं. स्विच दाबताच काचेच्या आतली पट्टी लालबुंद!

"लय झकास दिसायलंय!" मी टाळ्या पिटल्या.

करीमभाईंनी झडप घालून स्विच बंद केला. "मास्तर, ये दिवाली नहीं है, वाल्व्ह मर रहा है!"

*

एकदा स्विच बंद करून व्यंकटरावांनी बिनधास्त आत हात घातला. कंडेन्सरमध्ये वीज साठून होती. गडी उडाला तो थेट सरकीच्या पोत्यावर!

आम्ही घाबरून पाणी मारलं. डोळे उघडताच पहिला प्रश्न, "किती व्होल्ट होते?"

"बाराशे!" करीमभाई म्हणाले.

"म्हंजे ट्रान्सफॉर्मर बराबर गुंडाळलाय मी!"

*

एरियलचं टोक लिंबाच्या फांदीला टेकलं आणि पानं धुमसायला लागली. शेजारच्या गंगाबाई धावत आल्या, "अवो, तुमचं झाड बिडी ओढायलंय!"

*

ताकद वाढली तसा आमचा आवाज तहसीलदारसाहेबांच्या रेडिओत घुसला, तोही ऐन गझलेत! शिपाई बोलवायला आला. परवाना गेलाच, असं धरून आम्ही हात बांधून उभे.

साहेब गरजले, "गझल में ये 'हॅलो, टेस्टिंग' किसने लिखा?"

करीमभाईंनी व्यंकटरावांना पुढं ढकललं. "हुजूर, शायर यही हैं!"

साहेब खो खो हसले. परवाना वाचला!

*

मग एका सकाळी पूर्ण ताकद लावली. व्यंकटराव माइकवर ओरडून ओरडून थकले, पण उत्तर काही आलं नाही. त्यातच त्यांच्या मंडळी काशीबाई स्वयंपाकघरातून हाका मारायला लागल्या. व्यंकटरावांनी तोंड पाडून सेट बंद केला.

महिन्यानं पोस्टमननं कार्ड आणलं. सिलोनचं! व्यंकटरावांनी ते माझ्या हातात कोंबलं. "मास्तर, वाचा की लवकर!"

इंग्रजी कार्ड मी मराठीत सांगत गेलो, "तुमचा आवाज अतिशय स्वच्छ आला. गृहस्थांच्या बोलण्यातलं 'परभणी' सोडून काही समजलं नाही. पण बाईंनी स्टेशनचं नाव तीनदा खणखणीत सांगितलं, म्हणून ते टिपून घेता आलं. अभिनंदन!"

खाली स्टेशनचं नाव लिहिलं होतं, 'दूध उतू चाललंय'.